बिजागरी उलटी नाही, संपादक महाराज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी आपला ई-पेपर रोज सकाळी इथल्या थंडीत कॉफीबरोबर वाचतो. पंधरा वर्षांत पत्र लिहायची ही दुसरी वेळ. पहिलं पत्र शुद्धलेखनाबद्दल होतं, ते आपण छापलं नाहीत, त्याबद्दल राग नाही. हे मात्र छापा, कारण यात कुणाच्या तरी कपाळमोक्षाचा प्रश्न आहे.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या सदरात एका वाचक ताईंचा प्रश्न होता. त्यांचे दीर अमेरिकेत वारले आणि त्यांच्या सामानातून दोन लाकडी शिकारी धनुष्यं पुण्याला आली. एक अखंड, दुसरं मधोमध पितळी बिजागरीवर घडी होणारं. दोन्ही दिवाणखान्यात लावायची आहेत, तर काय करावं, असं त्यांनी फोटो पाठवून विचारलं होतं. आपल्या सदरलेखकांचं उत्तर असं : पितळ चिंच-मिठाने घासून लखलखीत करा आणि वर लॅकर मारा, गंजलेले स्क्रू बदला, बिजागरी ‘चुकून उलटी’ बसवलेली दिसते, ती सुताराकडून सरळ करून घ्या, आणि अखंड धनुष्यावर १९५३ लिहिलेलं असल्यामुळे दोन्ही त्याच साली बनलेली आहेत. एवढ्याशा उत्तरात चार चुका बसवणं सोपं नाही. सदरलेखकांच्या मापाची दाद देतो.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. जन्म कसबा पेठेतला. तांबट आळीतली ठोकाठोक ऐकत झोपलो नि उठलो. पुढे टूलरूममध्ये फिटर झालो, १९७९ साली डेट्रॉइटला आलो आणि निवृत्त होईपर्यंत डाय आणि फिक्श्चर बनवत राहिलो. धनुष्यांचा नाद लागला तो शेजारच्या म्हातारबुवांमुळे. दर वर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे इकडे हरणांचा धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो त्या पहाटे, हे गृहस्थ हिरवी टोपी घालून निघत. मी कधी बरोबर गेलो नाही. हरीण मारायचं माझ्याच्यानं होणार नाही (मटण खातो, हे कबूल, बायको या विसंगतीवर दर ऑक्टोबरात बोलते). पण त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर आडवी टांगलेली धनुष्यं मला शिकारीपेक्षा जास्त ओढायची. आज माझ्याकडे नऊ आहेत. त्यांतली तीन घडीची आहेत.

आता मुद्द्यावर. आधी ती ‘उलटी’ बिजागरी, कारण बाकीच्या चुकांनी फक्त किंमत जाईल, हिने डोळा जाईल.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. नेम धरला की सावजाकडे असते ती पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. दोरी ओढली की दोन्ही टोकं आपल्याकडे येतात. म्हणजे मुठीपाशी पाठीची बाजू ताणली जाते आणि पोटाची बाजू दाबली जाते. आता मुठीत बिजागरी घालायची तर तिची पिन कुठे असावी? पाठीला. मग दोरी जितकी ओढाल तितकी बिजागरीची दोन तोंडं पोटाकडून एकमेकांवर घट्ट दाबली जातात. दोरी चढवलेल्या अवस्थेतच धनुष्य स्वतःला कुलूप लावून घेतं. खिटी असते, पण ती बिचारी नावाला. खरं काम दोरी करते. दोरी उतरवली की धनुष्य पाठीच्या दिशेने मिटतं, पाठीला पाठ लागते. पुस्तक उलटं मिटल्यासारखं ते दिसतं, आणि सदरलेखक इथेच फसले. त्यांना वाटलं, धनुष्य पोटाकडे मिटायला हवं, दोरीच्या बाजूने, म्हणजे कसं छान आटोपशीर. दिसायला पटण्यासारखं आहे. पण तशी बिजागरी बसवली तर पिन पोटाला येते आणि ओढलेली दोरी सांधा मिटवायला बघते. मग सगळा भार त्या नावाच्या खिटीवर. ती निसटली की दोन्ही अर्धी ओढणाऱ्याच्या तोंडाकडे.

भार किती, ते मी पाठकोऱ्या कागदावर काढून पाहिलं. २८ इंच ओढल्यावर ४५ पौंडांचं धनुष्य घेतलं, आणि पिन व दाबल्या जाणाऱ्या कडेत एक इंच अंतर धरलं, तर पूर्ण ओढीला पिनेवर कित्येक शेकडा पौंड येतात. म्हणजे सिमेंटची कितीतरी पोती. एवढा भार दोन सुताची, म्हणजे पाव इंची, पोलादी पिन सहज झेलते, बनवणाऱ्याने ती झेलण्यासाठीच तिथे ठेवलेली असते. सुताराने उलटवलेल्या बिजागरीतली खिटी हा भार झेलणार नाही. ताई म्हणतील, आम्हाला ओढायचंच नाहीये, भिंतीवर लावायचंय. बरोबर. पण भिंतीवरचं धनुष्य बघून पाहुण्यांचा बारा वर्षांचा मुलगा काय करतो, हे मला विचारू नका. माझ्याच घरी झालंय. तो ओढतो, आणि बाण न लावता सोडून देतो. बाणात जायची ताकद मग परत लाकडात आणि सांध्यात जाते. अशा एका रिकाम्या सुटीने धडधाकट धनुष्यसुद्धा उभं चिरतं. म्हणून भिंतीवर लावायचं तर दोरी उतरवूनच लावा, आणि दोरी वेगळ्या खणात ठेवा.

बिजागरी उलटी नसल्याचा पुरावा तिच्यावरच सापडेल. ताईंनी धनुष्य घडी करावं आणि बिजागरीची दोन सपाट तोंडं खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघावीत. माझ्याकडच्या एका घडीच्या धनुष्यात (लाकूड लेमनवूड, त्यावर कुणाचंही नाव नाही) या तोंडांवर मिलिंगच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या यंत्राच्या, बारीक समांतर रेघा अजून शाबूत आहेत. फक्त पोटाकडच्या कडेला, बोटाच्या नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्यात, त्या पुसल्या गेल्यात आणि तिथे आरशासारखी चकाकी आलीय. ती पॉलिशची चकाकी नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं धनुष्य ओढलं, दर ओढीला ती कड दुसऱ्या कडेवर दाबली गेली, त्याची ती खूण आहे. पाठीकडे रेघा जशाच्या तशा. एवढ्यावरून पिन कुठल्या बाजूला असायला हवी ते कळतं. शिवाय ते धनुष्य शोभेचं नव्हतं, रानात वापरलेलं होतं, हेही कळतं.

आणि हीच खूण चिंच-मीठ आणि पॉलिश पुसून टाकतात. हे मी कुणाला शहाणपण शिकवायला सांगत नाही, स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझं पहिलं घडीचं धनुष्य गॅरेज सेलमधून पंधरा डॉलरला आणलं. पितळ काळं पडलेलं. तांबट आळीच्या पोराला काळं पितळ बघवतंय का! बेंच ग्राइंडरला कापडी चाक लावलं आणि अर्ध्या तासात बिजागरी सत्यनारायणाच्या कलशासारखी झगमगवली. मग मोठ्या उत्साहाने मिशिगनमधल्याच कलमझूच्या पारंपरिक धनुष्यवाल्यांच्या मेळाव्यात नेली. तिथल्या एका वयस्कर संग्राहकाने ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, बिजागरीच्या बाजूवर अंगठा फिरवला. तिथे काहीतरी ठसे होते, मी त्यांतली निम्मी अक्षरं चाकावर उडवली होती. उरला होता ‘पेटं’ एवढाच तुकडा, म्हणजे पेटंट नंबरमधला. त्याच्या शेजारी आकडे असावेत अशी पुसट जागा. गृहस्थांनी धनुष्य अगदी हळुवार टेबलावर ठेवलं आणि हवामानाबद्दल बोलायला लागले.

त्या आकड्यांचं महत्त्व मला नंतर कळलं. अमेरिकेत पेटंटचे क्रमांक सलग चालतात. वीस लाखावं पेटंट १९३५ सालचं, तीस लाखावं १९६१ सालचं. म्हणजे बिजागरीवर सात आकडी क्रमांक असला आणि तो दोनने सुरू होत असला, तर ते पेटंट या दोन सालांच्या दरम्यानचं. तो क्रमांक आता घरबसल्या शोधता येतो, आणि पेटंट घेणाऱ्याचं नाव, गाव, मूळ आराखडा, बिजागरी कशी चालायची याचं त्याच्याच शब्दांतलं वर्णन, सगळं समोर येतं. माझ्या बिजागरीचं ते सगळं कापडी चाकाच्या धुळीत गेलं. घरातला तांब्या रोज घासावा, त्याचं कामच ते. पण ज्या पितळेवर कुणाची तरी अक्षरं आहेत, तिला तांब्यासारखं घासणं म्हणजे सातबाऱ्याचा उतारा धुऊन वाळत घालण्यातला प्रकार.

आता १९५३. फोटोत अखंड धनुष्याच्या मुठीत नाण्यासारखा एक बिल्ला बसवलेला दिसतो, आणि त्या आकाराच्या मुठीवरून मला ते फ्रेड बेअर यांच्या कंपनीचं वाटतं. या कंपनीच्या कितीतरी धनुष्यांवर कॅनडातल्या पेटंटचं साल लिहिलेलं असतं, आणि ते १९५३ आहे. ते पेटंटचं साल, धनुष्याचं नव्हे. इथेही दर गॅरेज सेलमध्ये कुणी ना कुणी ‘१९५३ सालचं अस्सल’ म्हणून १९६८ सालचं धनुष्य विकत असतं. त्यामुळे सदरलेखकांना माफी, ही चूक आंतरराष्ट्रीय आहे. पण कंपनीने मुठीत बिल्ले घालायला सुरुवात केली १९५९ साली. म्हणजे ज्या धनुष्यात बिल्ला आहे ते १९५३ चं असूच शकत नाही. बिल्ल्याचा धातूही वर्षांगणिक बदलत गेला : तांबं, ॲल्युमिनियम, प्यूटर, पितळ, निकेल-सिल्व्हर. त्यावरून संग्राहक काळ ठरवतात. फोटोत तो पिवळा दिसतोय, पण वर्तमानपत्राच्या छपाईतल्या पिवळ्यावर मी पैज लावणार नाही. तो बिल्लाही घासू नका, म्हणजे झालं.

बेअर हे नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर. हा माणूस १९०२ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, १९२३ साली डेट्रॉइटला आला आणि पॅकार्ड मोटारींच्या कारखान्यात पॅटर्नमेकर म्हणून लागला. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे अचूक साचे बनवणारा, आमच्या जातीचाच माणूस. त्याला धनुष्याने पछाडलं. पुढे त्याने आपला कारखाना मिशिगनच्या उत्तरेला ग्रेलिंग गावी नेला आणि लाकडावर फायबरग्लासचे थर चढवलेली धनुष्यं काढून हा धंदाच बदलून टाकला. शिकारीसाठी अलास्कापर्यंत छोट्या विमानांतून जायचं तर पाच फुटी काठी कुठे ठेवणार? म्हणून सुटं होणारं धनुष्य त्याच्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. साठचं दशक संपता संपता ते बाजारात आलं. त्यात बिजागरी नाही. मूठ वेगळी, दोन लिंब वेगळे (लिंब म्हणजे धनुष्याचे बाहू, सातारकरांनी आपल्या बारा मोटांच्या विहिरीच्या लिंबाशी घोटाळा करू नये). खटका उचलायचा, लिंब खोबणीत बसवायचा, खटका दाबायचा. पान्हा नको, स्क्रू नको. अंधारात, हातमोजे घालून, दोन मिनिटांत. म्हातारबुवांकडे एक होतं, मॅग्नेशियमच्या मुठीचं. त्या खटक्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही, चांगल्या मोटारीचं दार लागावं तसा तो होता. ज्याने तो खटका केला त्याच्या हाताला कानशीचा गुण होता, एवढं मी शपथेवर सांगतो.

ही सुट्या धनुष्याची हौस अमेरिकेचीच असंही नाही. इंग्लंडात घोडागाडीतून न्यायला मुठीत धातूच्या नळीने जोडलेली धनुष्यं करत, त्यांना गाडीचं धनुष्यच म्हणत. आणि आपल्याकडे, हिंदुस्थानात, मुघल अमदानीपासून पूर्ण पोलादाच्या कमानी होत्या, त्यांतल्या काही मधोमध आट्यांनी जोडलेल्या. फिरवून सोडा, दोन तुकडे. इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात अशा हिंदुस्थानी पोलादी कमानी आहेत. पोलादावर सोन्याची नक्षी, आणि जोडायला आटे. त्या आट्यांना कुणी चिंच लावलेली नाही.

आता स्क्रूंबद्दल. फोटो मोठा करून बघितला (मुलाने शिकवलंय). बिजागरीच्या एका बाजूला चार स्क्रू आहेत. तीन सरळ खाचेचे, त्यांच्या माथ्यावर तांबूस गंज. चौथा स्टार. स्टार स्क्रू अमेरिकेत १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यांतून पसरायला लागले. तेव्हा हा चौथा बहुधा नंतर कुणीतरी बसवलेला. बहुधा दिरांनीच. तो बदलू नका, आणि उरलेले तीनही बदलू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळतील ते मिलिमीटरच्या मापाचे आटे, आणि हे इंची. जबरदस्तीने बसवायला गेलात तर जुन्या लाकडातलं भोक कायमचं खराब. दुसरं, सरळ खाचेच्या जुन्या स्क्रूला बारीक पात्याचा स्क्रूड्रायव्हर लावला की खाचेच्या कडा उलटतात, मांजराने चावल्यासारख्या. कडा उलटलेला स्क्रू लांबूनच ओळखू येतो, आणि बघणारा मनात म्हणतो, इथे कुणीतरी हात घातलेला आहे.

काही करायचंच असेल तर एक करा. मुठीला चामडं गुंडाळलेलं आहे आणि ते पितळेला टेकतं तिथे हिरवट, मेणासारखं किटण साचलेलं फोटोत दिसतंय. चामड्यातल्या तेलामुळे पितळ कळकतं, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसंच. ते मात्र काढावं, नाहीतर ते किटण चामडं खातं. पण धातूने खरवडू नका. खराट्याची काडी घ्या, टोक चावून थोडं मऊ करा, आणि कोरडंच, हळूहळू, कडेकडेने काढा. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. मग पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, आणि जुन्या धोतराच्या चिंधीने टिपून घ्या. लॅकर अजिबात नको. लॅकरखाली ओल अडकली की पितळ आतून ठिपकेदार होतं, आणि ते काढायला पुन्हा घासणं आलं.

धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, कोपऱ्यात उभं नको. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसाळा काढू नका. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर टाकाल तर थरांमधला गोंद सोडून देईल. इथे ते उन्हातल्या गाडीच्या डिकीत होतं. माझं असं एक गेलंय. त्याबद्दल लिहायला मन होत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. बिजागरीचा एखादा भाग खरंच हरवलेला असेल तर नवा करावा लागतो, मीही करतो. तळघरात छोटा लेथ आहे. पण नवी पिन वळवली की तिच्या न दिसणाऱ्या टोकावर मी ‘न’ ठोकतो. नवी मधला न. त्यासाठी देवनागरी अक्षराचा पंच कुठे मिळणार, म्हणून तो स्वतः कानसून केला, आणि पहिल्या खेपेला आरशातला न ध्यानात न घेतल्यामुळे उलटा झाला. पुन्हा केला. सालही टाकतो. जुना तुटका भाग पाकिटात घालून धनुष्याबरोबर ठेवतो. आता कलमझूला लोक पिन काढून बघतात आणि ही खूण कसली म्हणून विचारतात. मी सांगतो, आमच्याकडचं अक्षर आहे, याचा अर्थ हे जुनं म्हणून विकू नका.

फोटोत ताईंच्या बिजागरीच्या खिटीची बारीक पिन दिसत नाही, तिथे दोरा बांधलेला आहे. त्यांनी त्या भोकाचा व्यास व्हर्निअरने मोजून आपल्या कार्यालयाला कळवला (व्हर्निअर नसेल तर कसब्यातला कुठलाही टर्नर मोजून देईल), तर आपण तो मला पाठवावा. डिसेंबरात पुण्याला येतोय, पिन खिशात घालून आणीन, पैसे नकोत. तोवर बिजागरीला सुताराचा हात लागू देऊ नये, आणि घरातली चिंच आमटीतच पडू द्यावी.

आपला नियमित वाचक,
ट्रॉय, मिशिगन (मूळ कसबा पेठ, पुणे)